अक्षरजुळणीची नित्य दुरुस्ती

खिळ्यांची केस समोर ठेवून एकेक अक्षर उचलणारा जुळारी आणि त्याच्या जुळणीवर खुणा करणारा मुद्रितशोधक हे दोघे मराठी ग्रंथव्यवहारात शतकाहून अधिक काळ वावरले. आज बहुतेक ठिकाणी खिळे राहिलेले नाहीत. लेख संगणकावर लिहिला जातो, तेथेच त्याची पृष्ठे पडतात आणि पुष्कळदा तो कागदावर न येताच वाचला जातो. तथापि जुळणीचे काम नाहीसे झालेले नाही. ते आता संगणकातील एक कार्यक्रम करतो. आणि मुद्रितशोधनाचे कामही निराळ्या रूपाने त्या कार्यक्रमाभोवती अखंड चालू असते. ह्या दुसऱ्या कामाचा परिचय आमच्या शिक्षकवर्गात फारसा नाही. तो करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कारण त्या कामात मराठी वाचकाने उचलावयाचा एक वाटा आहे आणि तो बव्हंशी पडून आहे.

ज्या कार्यक्रमाविषयी आम्ही लिहीत आहोत त्याचे नाव हर्फबझ. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे खुले. ‘ओपनटाइप’ ह्या फॉन्टपद्धतीच्या नावाचे हे सैलसे फारसी रूपांतर होय. हैदराबादकडील वाचकांस हर्फ हा शब्द उर्दूमुळे ओळखीचाच असेल. हा कार्यक्रम विकत मिळत नाही. तो मुक्तस्रोत आहे. म्हणजे त्याची मूळ संहिता कोणासही वाचता येते, बदलता येते आणि आपल्या कामात घेता येते. फायरफॉक्स व क्रोम हे ब्राउझर, अँड्रॉइडचे मोबाइल आणि लिब्रेऑफिस हा लेखनसंच ह्या सर्वांत जुळणीचे काम तोच करतो. लिब्रेऑफिसमध्ये तो २०१३ साली प्रथम लिनक्सवर आणि २०१७ साली सर्व प्रकारच्या संगणकांवर आला. ह्याचा अर्थ असा की, ज्यांनी हे नाव कधी ऐकलेले नाही त्यांचेही मराठी वाचन रोज त्याच्या हातून होत असते.

त्याचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. फ्रीटाइप नावाच्या प्रकल्पातील जुळणीचा भाग पँगो व क्यूट ह्या दोन प्रकल्पांनी आपापल्याकडे उचलून नेला होता. एकाने केलेली दुरुस्ती दुसऱ्याच्या प्रतीत आपोआप जात नसे. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती दोन पंडितांनी परस्परांस न विचारता शोधाव्या तशी ती स्थिती होती. पुढे हे प्रवाह एकत्र आणले गेले. मूळचे इराणचे असलेले अभियंते बेहदाद एस्फहबोद ह्यांनी ती संहिता नव्याने लिहिली, आणि २०१५ साली १.० ही आवृत्ती निघाली. इजिप्तचे खालेद होस्नी हे तिच्या प्रमुख सांभाळकर्त्यांपैकी एक. ह्या दोघांचीही मातृभाषा मराठी नव्हे, व त्यांची लिपी देवनागरी नव्हे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे महत्त्व पुढे दिसेल.

आता हा अदृश्य जुळारी काय करतो ते पाहू. ‘स्त्रियांनी’ हा शब्द आपण टंकित करतो तेव्हा संगणक तो उच्चाराच्या क्रमाने साठवितो : स, हलन्तचिन्ह, त, हलन्तचिन्ह, र, ऱ्हस्व वेलांटी, य, काना, अनुस्वार, न, दीर्घ वेलांटी. अशी ही अकरा चिन्हे आहेत. उच्चारात वेलांटी व्यंजनानंतर येते. लेखनात मात्र ती संपूर्ण जोडाक्षराच्या आधी जाऊन बसते. ‘अर्थ’ ह्या शब्दात र् आधी उच्चारला जातो, परंतु त्याचा रफार पुढील अक्षराच्या डोक्यावर चढतो. कोणते चिन्ह कोठे न्यावयाचे, कोणती व्यंजने जोडावयाची, आणि त्या जोडाक्षराचा आकार फॉन्टमध्ये नसेल तर काय करावयाचे, हे सर्व निर्णय जुळणी करणाऱ्या कार्यक्रमास घ्यावे लागतात. जी गोष्ट आपला विद्यार्थी दुसऱ्या इयत्तेत सरावाने शिकतो ती येथे नियमांनी सांगावी लागते, आणि नियमांत एखादी फट राहिली की वेलांटी भलत्याच ठिकाणी जाते किंवा जोडाक्षर सुटते.

मराठीच्या बाबतीत एक फट विशेष धोक्याची आहे. ‘आचार्यांनी’ आणि ‘आचाऱ्यांनी’ हे दोन शब्द घ्यावेत. पहिल्यात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हा भेद केवळ र् च्या आकाराने दाखविला जातो. हिंदीला ह्या आडव्या र् ची गरज पडत नाही, मराठीला पडते. युनिकोडने तो लिहिण्याचे दोन मार्ग मान्य केले आहेत. एक म्हणजे ऱ ह्या स्वतंत्र अक्षरास हलन्तचिन्ह देणे. दुसरा, जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेला, म्हणजे साध्या र् पुढे शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवणे. दोन्ही मार्गांनी डोळ्यांस दिसणारा आकार एकच. पण साठवण निराळी. म्हणून एका मार्गाने लिहिलेला शब्द दुसऱ्या मार्गाने शोधू गेल्यास सापडेलच असे नाही. शिवाय, अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून काढून टाकणारा एखादा कार्यक्रम मध्ये आला, तर दुसऱ्या मार्गाने लिहिलेल्या आचाऱ्यांचे आचार्य होतात आणि कोणासही पत्ता लागत नाही.

असे काही दिसले म्हणजे आपल्याकडे सामान्यतः ‘संगणकाला मराठी येत नाही’ असे म्हणून विषय संपविला जातो. फार तर तो शब्द बदलून दुसरा योजला जातो. परंतु दोष नेमका कोठला आहे हे पाहणे ही दुरुस्तीची पहिली पायरी होय. कळफलकाने चुकीचे चिन्ह दिले असेल. फॉन्टमध्ये आडव्या र् चा आकारच नसेल. आकार असून जुळणीच्या कार्यक्रमाने तो मागितला नसेल. किंवा ह्या तिघांचे काम बरोबर असून लेखनसंचाने मजकूर मध्येच तोडला असेल. ह्या चार ठिकाणांची दुरुस्ती चार निरनिराळ्या मंडळींकडे असते. तोच शब्द दुसऱ्या फॉन्टमध्ये लिहून पाहिला, आणि मग त्याच फॉन्टमध्ये दुसऱ्या कार्यक्रमात पाहिला, तर पुष्कळदा उलगडा होतो. फॉन्ट बदलताच शब्द सुधारला तर बहुधा फॉन्ट दोषी. सर्व फॉन्टमध्ये एकाच प्रकारे बिघडला तर जुळणीकडे संशय वळवावा.

काही वेळा दोष नसतोच, सूचना अपुरी असते. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे आहेत. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणे ठेवलेली असतात. परंतु मजकुराची भाषा मराठी आहे असे लेखनसंचास सांगितल्यावाचून जुळणीचा कार्यक्रम मराठी वळण निवडू शकत नाही. इंदूर, ग्वाल्हेर येथे संगणकावर भाषा हिंदी ठेवलेली असणे स्वाभाविक आहे, आणि तेथील मराठी लेख हिंदी वळणात का उमटतो ह्याचे उत्तर अनेकदा एवढेच असते.

दोष खरोखरच कार्यक्रमाचा आहे असे ठरल्यावर तो कळविला जातो. चांगल्या तक्रारीत चार गोष्टी असतात : काय टंकित केले, काय दिसले, काय दिसावयास हवे होते, आणि कोणता फॉन्ट व कोणती आवृत्ती वापरली. ‘मराठी नीट दिसत नाही’ ह्या वाक्याचा कोणासही उपयोग नाही. ‘ह्या फॉन्टमध्ये ऱ्हास ह्या शब्दाचे पहिले अक्षर सुटे दिसते’ एवढे लिहिले तरी काम सुरू होते. पुढे तक्रार लहान केली जाते : पानातून वाक्य, वाक्यातून शब्द, शब्दातून दोनतीन चिन्हे, असे करीत दोष उघडा पाडणारा सर्वांत छोटा नमुना काढतात. प्रत्यक्ष दुरुस्ती पुष्कळदा चारपाच ओळींचीच असते. ती दुसरा जाणकार वाचतो, शंका विचारतो, आणि मगच ती मूळ संहितेत जाते. कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या कारणाने कोणती ओळ बदलली ह्याची नोंद कायम राहते.

ह्या पद्धतीतील सर्वांत मोलाचा भाग ह्याच्याही पुढचा आहे. दुरुस्तीबरोबर तो बिघडलेला शब्द चाचणीसंग्रहात जमा केला जातो. हर्फबझच्या संग्रहात असे असंख्य नमुने आहेत. प्रत्येकासोबत त्या नमुन्यापुरता कापून लहान केलेला फॉन्ट आणि अपेक्षित उत्तर ठेवलेले असते. पुढे कोणीही, कोणताही बदल केला की हे सारे नमुने यंत्राकडून पुन्हा तपासले जातात. एकदा सुधारलेली चूक दुसरी सुधारताना परत शिरू नये, ह्याची ही तजवीज. आमच्या व्यवसायात वहीतील चूक एकदा दाखविली म्हणजे ती कायमची गेली असे कोणी मानीत नाही. येथेही मानीत नाहीत.

ह्या तपासणीचा मोठा प्रयोग २०१२ साली झाला. विकिपीडियाच्या मजकुरातून भारतीय लिप्यांतील शब्द काढून ते हर्फबझकडून आणि मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइब ह्या कार्यक्रमाकडून जुळवून घेतले गेले, आणि दोहोंची उत्तरे ताडून पाहिली गेली. देवनागरीचे शब्द सात लाखांहून अधिक होते. एकेक दुरुस्ती होत गेली तसे न जुळणारे शब्द शंभराच्या आत आले. म्हणजे दहा हजारांत सुमारे एक. हे प्रमाण क्षुल्लक वाटेल. परंतु पानास तीनशे शब्द धरून दोनशे पानांच्या पुस्तकास तेच लावले तर पुस्तकात सुमारे सहा दोष राहतात. आणि सहा मुद्रणदोष असलेल्या क्रमिक पुस्तकाविषयी आपण काय म्हणतो ते सर्वांस ठाऊक आहे. दुसरे असे की, दोन कार्यक्रमांचे एकमत म्हणजे शुद्धता नव्हे. दोघेही एकच चूक करीत असतील तर ती ह्या चाळणीत अडकत नाही. ती अडकवावयास ती भाषा वाचणारा माणूसच लागतो.

येथे एक शंका येईल. दोष दिसला की तो सुधारावा, ह्यात वाद कशाचा? वाद असतो. अनेक फॉन्ट युनिस्क्राइबवर पारखून तयार झाले होते. त्याच्या काही खोडीही त्यांनी गृहीत धरल्या होत्या. हर्फबझने ती खोड तत्त्वाप्रमाणे सुधारली असती तर ते जुने फॉन्ट बिघडले असते. म्हणून काही ठिकाणी जुनी खोड जाणूनबुजून सांभाळावी लागली. मराठीतील उदाहरण ॲ ह्या अक्षराचे आहे. त्यास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली ५.१ ह्या आवृत्तीत मिळाले. २००९ साली महाराष्ट्र शासनाने प्रमाणित केलेल्या वर्णमालेतही ते आहे. तत्पूर्वी अ ह्या अक्षरास वरून चंद्र जोडून काम भागविले जाई. आता ही जोडणी अमान्य असल्याने हर्फबझ दोहोंच्या मध्ये ठिपक्यांचे एक वर्तुळ उमटवितो. नव्या लेखकास ती योग्य सूचना वाटते. जुना मजकूर उघडणाऱ्यास तो बिघाड वाटतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे. १९६२ सालच्या शुद्धलेखन नियमांनंतर अनुस्वारांनी भरलेली जुनी पुस्तके चुकीची ठरली नाहीत, ती जुन्या नियमांची ठरली; तसाच हा प्रकार. फरक इतकाच की छापील पुस्तक जसेच्या तसे राहते, आणि संगणकातील मजकूर नव्या जुळाऱ्याच्या हाती दर वेळी पुन्हा जुळविला जातो. ह्यासाठीच ज्या संस्थांनी आपले जुने अंक संगणकावर उतरविले आहेत त्यांनी ते अधूनमधून उघडून पाहिले पाहिजेत.

ह्या सर्वांतून निघणारा निष्कर्ष साधा आहे. असा कार्यक्रम कोणा एकाच्या प्रतिभेने एकदाच सिद्ध होत नाही. तो लहान दुरुस्त्यांनी टिकतो, आणि त्या दुरुस्त्या तक्रारींनी सुरू होतात. सांभाळकर्ते निष्णात आहेत. पण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ह्यांत कोणता अनर्थ होतो हे त्यांस कोणी सांगितल्यावाचून कळणे शक्य नाही. बेळगाव, वडोदरा, इंदूर, हैदराबाद येथील मराठी माणूस तर बहुधा अन्य भाषेसाठी मांडलेल्या यंत्रावर आपली भाषा लिहितो. त्यामुळे हे दोष आधी त्याच्याच दृष्टीस पडतात. त्याने ते सोसून घेतले तर आडवा र् आणि ॲ टाळून लिहिण्याची सवय लागेल, आणि यंत्राच्या सोयीसाठी भाषेचे लेखन आखडेल. मराठीचे ह्यात होणारे नुकसान अक्षरशः अक्षराअक्षराने होणारे आहे.

म्हणून शाळांनी व अकादमीच्या शाखांनी एवढे करावे. कसोटीच्या शब्दांची एक यादी भिंतीवर लावावी : आचाऱ्यांनी, दऱ्या, तऱ्हा, कुऱ्हाड, ऱ्हास, स्त्रियांनी, ॲनिमिया, शृंगार, मूर्तींना, कर्त्यांनी. नवा फॉन्ट किंवा नवी आवृत्ती आली की ही यादी आधी लिहून पाहावी. काही बिघडले तर वर सांगितलेल्या चार गोष्टी नोंदवाव्यात आणि इंग्रजी जाणणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याकडून त्या संबंधित मंडळींस कळवाव्यात. पडद्याचे चित्र आणि टंकित शब्द दोन्ही जोडावेत. त्या एका पत्रातून झालेली दुरुस्ती पुढील आवृत्तीबरोबर मराठी वाचणाऱ्या सर्वांच्या यंत्रांवर पोहोचते. शुद्धिपत्राचे इतके दूरवर चालणारे रूप छापखान्याच्या काळात आपणांस उपलब्ध नव्हते. ते आता आहे, आणि त्यास लागणारे साहित्य म्हणजे चांगले मराठी वाचणारे डोळे आपल्या प्रत्येक शाळेत आहेत.