निर्वात काच : लाभाचा हिशेब

थर्मासमधील चहा गरम राहतो, तो दुहेरी भिंतींमधील निर्वात पोकळीमुळे. हेच तत्त्व खिडकीच्या काचेत उतरवण्यात सिडनी विद्यापीठातील संशोधकांना १९८९ मध्ये यश आले. दोन काचांमध्ये जेमतेम ०.२ मिलिमीटर अंतर. वातावरणाच्या दाबाने त्या चिकटू नयेत म्हणून मध्ये सूक्ष्म खांब. हवा जवळपास नसल्याने हवेतून होणारे उष्णतेचे वहन जवळपास थांबते. जाडी अल्प असल्याने जुनी चौकटही पुष्कळदा टिकवता येते.

मात्र किंमत साध्या काचेच्या कित्येक पट, म्हणून हिशेब मांडावा. आतबाहेरच्या तापमानात फरक जितका अधिक, तितका लाभ मोठा. विदर्भातील ४५ अंशांच्या उन्हाळ्यात वातानुकूलित घराला तो जाणवेल. मुंबईत घर मुख्यतः थेट उन्हाने तापते. तेथे आधी छज्जा आणि ऊन परतवणारी लेपयुक्त काच पाहणेच शहाणपणाचे.