फोनवरचं गुपित

मुलांनो, मैत्रिणीनं विश्वासानं फोनवर सांगितलेली गोष्ट तुम्ही गुपचूप रेकॉर्ड करून वर्गाच्या ग्रुपवर टाकलीत, तर? तुम्हांला गंमत वाटेल. तिला मात्र शाळेत यायची लाज वाटेल.

कायदा काय म्हणतो, पाहू या. फोनवरचं बोलणं हा माणसाच्या खाजगी आयुष्याचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली सांगितलं. दुसऱ्यांचे फोन सरकारलासुद्धा वाटेल तेव्हा चोरून ऐकता येत नाहीत. पुढे २०१७ साली नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

आपण स्वतः बोलतोय तो फोन रेकॉर्ड करायला सरसकट बंदी नाही. पण जपून ठेवणं वेगळं आणि चव्हाट्यावर मांडणं वेगळं, बरं का! त्यातून कुणाची बदनामी झाली, तर तो गुन्हा ठरू शकतो.

आणि कुणी फोनवर धमकावलं तर? मग रेकॉर्डिंग मुळीच पुसू नका. आईबाबांना ऐकवा. पोलिसांना तो पुरावा उपयोगी पडतो. १०९८ या क्रमांकावरही मुलांना मदत मिळते.

एरवी सरळ विचारा, ‘रेकॉर्ड करू का?’ पालकहो, तुम्हीसुद्धा!