आपोआप उमटणारी अक्षरे

संगणकावर अर्ज भरणे चालू आहे. कळफलकावरून हात उचललेला आहे, आणि तरीही पडद्यावर एकाच अक्षराची रांग मुंग्यांच्या ओळीसारखी पुढे सरकते आहे. असे झाले की भोवतालची मंडळी लगेच निदान करून मोकळी होतात. एक म्हणतो व्हायरस शिरला, दुसरा म्हणतो यंत्र कामातून गेले, आणि एखादा चेष्टेखोर म्हणतो, भानामती आहे! आपण यांतले काहीच न मानता, हे घडते कसे ते आधी पाहू.

प्रकार वाटतो तितका गमतीचा नाही, बरं का. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या सुप्यासारख्या गावात सातबारा, दाखले, अनुदानाचे अर्ज हे सगळे आता संगणकावरच होते. समजा, अर्ज भरताना एक आकडा दोनदा उमटला. आधार क्रमांकात उमटला तर फारसे बिघडत नाही. त्याचे आकडे १२ ठरलेले आहेत आणि शेवटचा तर पडताळणीसाठीच असतो, त्यामुळे चूक तिथल्या तिथे सापडते. मोबाइलचे आकडे १०, तोही जादा आकडा लपत नाही. पण बँकेच्या खाते क्रमांकाची लांबी बँकेगणिक वेगळी असते. तिथे पाचाचे पंचावन्न झाले तर रकाना निमूटपणे ते पोटात घालतो. शेतकरी घरी जाऊन पैशाची वाट पाहत बसतो आणि चूक कळते ती महिन्या-दोन महिन्यांनी.

जुन्या टंकयंत्रावर असे होत नसे. गोदरेजने १९५५ साली पहिले देशी टंकयंत्र बाजारात आणले. त्यात काय किंवा परदेशी यंत्रांत काय, बोटाने कळ दाबली की दांडी उचलली जाई आणि खिळा जाऊन कागदावर आपटे. बोट नाही तर अक्षर नाही. संगणकाची कळ मात्र स्वतः काहीच लिहीत नाही. ती फक्त निरोप धाडते. त्या निरोपाच्या वाटेवर चार-पाच मध्यस्थ बसलेले असतात, आणि त्यांपैकी कोणीही चुकीचा निरोप देऊ शकतो.

साधा कळफलक उघडला तर आत प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे दिसतील. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर विजेच्या रेघा असतात. मधल्याला कळेच्या जागी भोके असतात. कळ दाबली की रबराची वाटी दबते, वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते, आणि बोट उचलताच पुन्हा दूर होते. १०४ कळांना १०४ तारा ओढण्याऐवजी काही आडव्या व काही उभ्या रेघांची जाळी केलेली असते. कळफलकातला एक चिमुकला नियंत्रक ही जाळी सेकंदाला कितीतरी वेळा तपासतो. आडवी कितवी रेघ उभ्या कितव्या रेघेला टेकली, एवढ्यावरून तो कळ ओळखतो. टेकवणारे बोट होते की चहाचा थेंब, हे त्याला कळत नाही.

सगळी गोम इथे आहे. नुसती कोरडी धूळ वीज फारशी वाहू देत नाही. ओल मिळाली की तीच धूळ दोन रेघांमधला पूल होते. पारनेर तालुका पडला पर्जन्यछायेतला. त्यात हमरस्ता, कारखान्यांची वाहने आणि पठारावरचा वारा. म्हणून मे महिनाभर गप्प बसलेला कळफलक मृगाच्या सरी आल्यावर एकाएकी बोलू लागला, तर त्यात नवल नाही. चहा सांडला असेल तर पाणी वाळून जाते, पण साखर मागे राहते आणि कळेला खाली धरून ठेवते. मग संगणकाला वाटते, कळ अजून दाबलेलीच आहे. ‘कळ सुटली’ हा निरोप येईपर्यंत तेच अक्षर पुन्हा पुन्हा काढीत राहायचे, अशी त्याला शिकवणच आहे. बिनतारी कळफलकाचा सेल संपत आला असेल तर हा सुटल्याचा निरोप कधी कधी वाटेतच हरवतो. परिणाम तोच.

अक्षरांची तऱ्हा पाहूनही पुष्कळ समजते. एकच अक्षर धावत असेल तर एक कळ अडकली आहे. ठरावीक चार-पाच अक्षरे नेहमी जोडीने येत असतील तर जाळीतली एखादी रेघच ओली झाली आहे. दाबलेला आकडा अधूनमधून दोनदा येतो, तेव्हा कळेचा स्पर्श झिजलेला असतो. टेकताना तो थरथरतो आणि नियंत्रक एकाच दाबाला दोन समजतो. आणखी एक गंमत आहे. स्वस्त कळफलकावर चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या तर चौथ्या कोपऱ्यावरची न दाबलेली कळही दाबल्यासारखी भासू शकते. इंजिनिअर मंडळी याला ‘घोस्टिंग’, म्हणजे भुताटकीच म्हणतात!

आता तपास. पहिली कृती अगदी सोपी, आणि लोक नेमकी तीच करीत नाहीत. कळफलकाची वायर काढा. अक्षरे थांबली तर दोष कळफलकात. वायर काढूनही अक्षरे चालूच राहिली तर तो बिचारा निर्दोष आहे. मग संगणकाच्या मागे पाहा. एखाद्या जुन्या बिनतारी कळफलकाचा नखाएवढा रिसीव्हर तिथे खोचलेला असतो, आणि तो कळफलक कपाटात फायलींच्या गठ्ठ्याखाली दबलेला असतो. संगणक एका वेळी दोन-तीन कळफलकांचे ऐकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुढे हाच कळफलक दुसऱ्या संगणकाला लावून पाहावा. तिथे तो शहाण्यासारखा वागला, तर पहिल्या संगणकातली वायर खोचण्याची जागा किंवा सेटिंग तपासावे लागेल.

कधी पडद्यावर खोलीत बोललेलेच शब्द उमटतात. तेव्हा विंडोज आणि एच या कळा चुकून एकदम दाबल्या जाऊन बोलून टंकलेखन करण्याची सोय चालू झालेली असते. काही छोट्या लॅपटॉपवर न्यूमलॉक लागले की यू, आय, ओ यांच्या जागी ४, ५, ६ येऊ लागतात. हे बिघाड नव्हेत. एका कळेने मिटतात.

मात्र अर्थ लागेल अशी वाक्ये उमटू लागली, बाण आपणहून फिरू लागला, बँकेचे पान उघडले गेले, तर साफसफाई करीत बसू नका. अडकलेली कळ अर्थपूर्ण लिहीत नाही. दुरून संगणक चालवण्याची सोय देणारे प्रोग्राम असतात. ते मुळात दुरुस्तीच्या कामाचे, पण भामटे लोक फोनवर गोड बोलून तेच घालायला लावतात. अशा वेळी आधी इंटरनेट तोडावे, बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

साफ करताना वायर काढून कळफलक पालथा धरावा, झटकावा, मऊ ब्रशने झाडावा. चिकटपणा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा जपून फिरवावा व एक-दोन दिवस वाळू द्यावे. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा मारू नये, पापुद्रे वाकतात. माझे मत विचाराल तर, काही शे रुपयांच्या कळफलकापायी तीन दिवस घालवण्यात शहाणपण नाही. अर्ज भरून देणाऱ्या केंद्राच्या खणात जादा कळफलक असावाच. आणि खाते क्रमांक पासबुकाशी ताडल्यावाचून अर्ज पुढे धाडू नये.

लॅपटॉपची गोष्ट निराळी. त्याचा कळफलक चटकन काढता येत नाही. तेव्हा तो बंद करून सपाट टेबलावर ठेवावा आणि बाजूने डोळा लावून पाहावे. तळ फुगलेला दिसला, डुगडुगला किंवा कळांचा भाग वर उचललेला वाटला, तर आतली बॅटरी फुगून कळांना खालून रेटते आहे असे समजावे. असा लॅपटॉप चार्जिंगला लावू नये. बॅटरी दाबू किंवा टोचू नये, तिला आग लागू शकते. तो तसाच बंद ठेवून जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे न्यावा.