दारापुढचे विमान : हौस केवढी, सोय केवढी?

शेतात काम चालू असताना डोक्यावरून विमान गेले की अजूनही हातातले खुरपे क्षणभर थांबते. पोरे बांधावर धावतात, म्हातारी माणसे कपाळाला हात लावून वर पाहतात. आपल्यापाशी असे एखादे लहानसे विमान असते तर, हा विचार कोणाच्या मनाला शिवला नसेल? एसटीची वाट पाहणे नको, घाट नको, खड्डे नकोत. सकाळी उठावे आणि तासाभरात लेकीच्या गावी उतरावे!

हे निव्वळ मनातले मांडे नव्हेत. जगात असे शेतकरी आहेत की ज्यांच्या घराशेजारी खरोखरच विमान उभे असते. ते त्यांनी हौसेने घेतले की गरजेने? आणि ते पोसायला काय पडते? याचा थोडा हिशेब मांडून पाहू.

जिल्ह्याएवढे एक रान

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात ॲना क्रीक नावाचे गुरांचे रान आहे. तिकडे अशा रानाला ‘स्टेशन’ म्हणतात. मात्र आगगाडीशी त्याचा काही संबंध नाही. या एका रानाचे क्षेत्र १५ हजार चौरस किलोमीटरांच्या वर आहे. म्हणजे आपला सबंध पुणे जिल्हा एका मालकाचा समजा!

तो मुलूख कोरडा. गुरे जगतात ती मुख्यतः बोअरच्या पाण्यावर. कोसांच्या अंतरावर एकेक बोअर, तिथे टाकी आणि गुरांना प्यायला हौद. उन्हाळ्यात एखादा पंप बंद पडला आणि ते वेळीच कळले नाही, तर त्या हौदावर येणारा कळपच्या कळप पाण्यावाचून मरतो. जीपने सगळे हौद पाहायचे तर दिवसचे दिवस जातात. विमानातून तेच काम एका सकाळी होते. कुठे कुंपण तुटले, कुठला कळप भरकटला, तेही वरून दिसते. तिथे विमान ही चैन नाही. ते राखणदाराचे काम करते.

डॉक्टर आकाशातून आला

माणसांच्या आजारपणाचेही तेच. सर्पदंश झाला, बाई अडली, तर शेकडो मैलांत डॉक्टर नाही. विमानातून डॉक्टर पाठवता येईल, असे क्लिफर्ड पील या वैद्यकीच्या तरुण विद्यार्थ्याने १९१७ साली जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाला पत्राने सुचवले. पील पुढच्याच वर्षी पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून मारला गेला. फ्लिनने मात्र ती कल्पना सोडली नाही. तिला पैशाचा मोठा आधार मिळाला तो ह्यू व्हिक्टर मॅके यांच्या मृत्युपत्रातून. हे मॅके म्हणजे ‘सनशाइन’ नावाचे कापणी-मळणी यंत्र तयार करणारे कारखानदार. शेतकऱ्यांना यंत्रे विकून मिळालेला पैसा असा शेतकऱ्यांच्याच कामी आला.

मे १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधील क्लॉनकरी गावाहून डॉक्टर घेऊन पहिले विमान निघाले. पहिल्या वर्षात सव्वादोनशे रुग्णांना उपचार मिळाले. ती सेवा आजही चालू आहे. रानोमाळच्या अनेक कुटुंबांनी घराजवळ जमीन सपाट करून धावपट्टी राखली आहे, ती याचसाठी.

अमेरिकेतले उडते शेतकरी

अमेरिकेत १९३८ ते १९४७ या काळात ‘पायपर कब’ नावाचे छोटे विमान सुमारे २० हजारांच्या संख्येने तयार झाले. पिवळ्या रंगाचे, कापडाने मढवलेले, दोन माणसे एकामागे एक बसतील एवढे. इंजिन ६५ अश्वशक्तीचे, म्हणजे आजच्या मोठ्या ट्रॅक्टरएवढे. वेग तासाला १२० किलोमीटरांच्या आसपास. ते गवताच्या माळावर उतरे आणि तिथूनच उडे. शेतकऱ्याला असेच यंत्र हवे होते. १९४४ साली ओक्लाहोमा राज्यात विमान चालवणाऱ्या शेतकऱ्यांनी आपली संघटनाही बांधली. हंगामाच्या ऐन गर्दीत मळणीयंत्राचा एखादा भाग मोडला की दूरच्या शहरातून तो दुपारपर्यंत आणता येई, पीक खोळंबत नसे.

पुढे १९५६ पासून ‘सेस्ना १७२’ हे चार आसनी विमान बाजारात आले. आजवर त्याची ४४ हजारांहून अधिक नगे तयार झाली. जगात दुसरे कोणतेही विमान एवढ्या संख्येने निघालेले नाही. तासाला सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास ते जाते आणि तेवढ्यात तीस-पस्तीस लिटर इंधन पिते. वेग पाहता ही भूक काही फार नव्हे.

पण एक गोम आहे. आसने चार असली तरी टाक्या गच्च भरून चार धडधाकट माणसे नेता येत नाहीत. माणसे, सामान आणि इंधन मिळून सुमारे ४०० किलोच वजन चालते. पैकी १४०-१४५ किलो भरल्या टाक्यांचे. उरलेल्यात तीन माणसे आणि थोडे सामान बसते. लग्नाला सगळे घर निघाले, हे इथे जमायचे नाही. शिवाय कडक उन्हात हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि धावपट्टी जास्त लागते. बैलगाडीत एक पोते जास्त टाकले तर बैल कुरकुरत का होईना, ओढतात. विमानाला अशी भीड नसते.

बैल बसून राहिला तरी चारा खातोच

आता पैशाचे पाहू. नव्या सेस्ना १७२ ची किंमत आज चार लाख डॉलरांच्या वर, म्हणजे तीन कोटी रुपयांहून जास्त. जुनी विमाने पुष्कळ स्वस्त मिळतात, आणि इथेच घेणारा फसतो. खरा खर्च विकत घेण्यात नसून पाळण्यात आहे. उभे करायला शेड, विमा, दरवर्षीची सक्तीची तपासणी हे सारे न उडवताही भरावे लागते. या जातीचे इंजिन साधारण दोन हजार तास चालले की पूर्ण उघडून नवे करावे लागते. त्यासाठी तासागणिक पैसे बाजूला काढून ठेवायचे.

समजा, ठरलेला खर्च वर्षाला सहा लाख आहे. मालक वर्षात तीसच तास उडला, तर इंधन धरण्याआधीच तासाला वीस हजार पडले. दोनशे तास उडला, तर तीनच हजार. ऑस्ट्रेलियाचा गुरेवाला रोज उडतो म्हणून त्याला परवडते. हौशी माणूस सणावारी उडतो म्हणून त्याला जड जाते. यावर तोडगा सामायिकीचा. परदेशात चार-पाच जण मिळून एक विमान ठेवतात, नाहीतर क्लबाचे तासाच्या भाड्याने घेतात. सामायिक विहिरीवर पाळीपाळीने मोट चालवलेल्यांना हे निराळे सांगायला नको.

ढग वाट अडवतो तेव्हा

पैशापेक्षा मोठी गोष्ट जिवाची. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने १९५४ साली एक प्रयोग केला. केवळ काट्यांकडे पाहून उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना, ढगात शिरल्यावर जसे बाहेरचे दिसेनासे होते तशा स्थितीत विमान चालवायला दिले. विसांच्या विसांचा ताबा सुटला, आणि तोही सरासरी १७८ सेकंदांत, म्हणजे तीन मिनिटेही नाहीत! क्षितिज दिसेनासे झाले की आपले वर-खालीचे भान आपल्यालाच फसवते. म्हणून शहाणा वैमानिक आभाळ पाहून घरी बसतो. “आज पोचलेच पाहिजे” असा हट्ट ज्याच्या मागे आहे, त्याने स्वतःच्या विमानावर विसंबू नये. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने सह्याद्रीवर ढग टेकलेले असतात, हे इथे आठवावे.

आपल्याकडे काय?

आपल्या देशातही खासगी माणसाला विमान ठेवता येते. खासगी वैमानिकाच्या परवान्याला वयाची १७ वर्षे पूर्ण, दहावी उत्तीर्ण, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि निदान ४० तासांचे उड्डाण लागते. जे. आर. डी. टाटांनी १९२९ साली मुंबईत आपला परवाना मिळवला आणि १९३२ मध्ये कराचीहून मुंबईला टपाल आणले, ते एका इंजिनाच्या लहान विमानातूनच. आज बारामती आणि धुळ्याला खेड्यापाड्यांतली मुलेही विमान शिकताना दिसतात. कांदिवलीचे वैमानिक अमोल यादव यांनी तर घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१७ साली त्याची सरकारी नोंदणी झाली.

पण सोयीचा हिशेब वेगळा. नाशिकहून पुण्याला विमान पाऊण तासात जाईल, हे खरे. त्याआधी विमानतळ गाठा, यंत्र तपासा, उड्डाणाचा आराखडा द्या, परवानगी घ्या. उतरल्यावर बाजार समितीपर्यंत पुन्हा रिक्षा शोधा! तेवढ्यात जीप निम्म्याहून जास्त वाट कापते. पिस्टनच्या विमानाला लागणारे खास पेट्रोल २०२२ पासून वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात तयार होऊ लागले आहे, पण ते गावच्या पंपावर मिळत नाही.

तेव्हा निवाडा असा : जिथे शेत जिल्ह्याएवढे, रस्ता नाही आणि आभाळ मोकळे, तिथे विमान हे औजार आहे. जिथे पाच एकरांचे शेत आणि दारात सडक, तिथे ती हौस आहे. हौस वाईट नव्हे. पण ती कर्ज काढून करू नये. घरातल्या मुलाला किंवा मुलीला आभाळाची ओढच असेल, तर विमान घेण्याआधी विमान शिकण्याचा विचार करावा. विद्या पोसायला शेड लागत नाही, आणि ती पावसाळ्यात गंजतही नाही.