आवाज त्याचा, पाटी दुसऱ्याची: 'येस' बँडच्या गायकाची गोष्ट आणि आपली पार्टनरशिप



मागच्या व्हिडिओत आपण पार्टनरशिपमधल्या नफ्याच्या वाटणीबद्दल बोललो. तेव्हा एक मुद्दा वेळेअभावी राहून गेला. धंद्याचं नाव कोणाचं? नफा-तोट्यावर सगळे बोलतात, नावाबद्दल कोणीच बोलत नाही. मीही बोललो नव्हतो आणि त्याची किंमत मोजली. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी एका गायकाची गोष्ट ऐका.

तुम्ही म्हणाल, सर, आपलं कपड्याचं नाहीतर किराणाचं दुकान, त्यात इंग्लंडचा रॉक बँड कुठून आला? थोडं थांबा. बीबीएला असताना माझा रूममेट रोज रात्री एक गाणं लावायचा. तब्बल साडेआठ मिनिटांचं! 'राउंडअबाउट' नाव त्याचं, बँडचं नाव 'येस'. तेव्हा मी वैतागायचो. पुढे त्या बँडचा इतिहास वाचला आणि लक्षात आलं, आमच्या पुस्तकात पार्टनरशिपचा जो धडा होता ना, तो या लोकांनी जगून दाखवलाय.

दूध टाकणारा पोरगा

जॉन अँडरसनचा जन्म १९४४ चा, उत्तर इंग्लंडमधल्या ॲक्रिंग्टन या गिरणीच्या गावातला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. मग शेतावर मजुरी केली, विटांचा ट्रक चालवला, घरोघरी दूधही टाकलं. गाणं शिकायला कोणी गुरू नव्हता. भावाबरोबर गावातल्या बँडमध्ये गायला लागला, एवढंच. पण आवाज मात्र उंच आणि स्वच्छ, एकदा ऐकला की लक्षात राहणारा.

१९६८ मध्ये तो लंडनमध्ये होता. सोहो भागात 'ला शास' नावाचा छोटा बार होता, तिथे पडेल ते काम करायचा. त्याच बारमध्ये त्याची ओळख ख्रिस स्क्वायरशी झाली. हा बेस गिटार वाजवायचा. दोघांना एकच वेड होतं, अनेक आवाज एकत्र मिसळून गाण्याचं. सूर जुळले आणि त्याच वर्षी 'येस' सुरू झाला. ढोलकीवाला म्हणा किंवा ड्रमर म्हणा, बिल ब्रुफर्ड, गिटारवर पीटर बँक्स, कीबोर्डवर टोनी के.

आता बघा, दोन दोस्त भेटतात, गप्पा होतात, "चल, एकत्र करू" म्हणतात आणि कामाला लागतात. आपल्याकडची निम्मी दुकानं अशीच सुरू होतात की नाही? चहाच्या टपरीवर ठरतात, कागद नंतर बघू म्हणतात.

माणसं बदलली, माल सुधारला

पहिले दोन अल्बम आले, १९६९ आणि १९७० मध्ये. कौतुक झालं, पण गल्ला काही भरला नाही. अँडरसनच्या डोक्यात मोठं चित्र होतं. साधी तीन मिनिटांची गाणी नकोत. शास्त्रीय संगीतासारखी लांब, वळणं घेत जाणारी रचना हवी आणि तिला रॉकचा जोर हवा. यालाच प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. गंमत अशी, की त्याला स्वतःला वाद्यं फारशी वाजवता येत नव्हती. तो कल्पना सांगायचा आणि बाकीच्यांकडून ती उभी करून घ्यायचा.

त्यासाठी माणसं बदलली गेली. १९७० मध्ये बँक्सच्या जागी स्टीव्ह हाउ आला. १९७१ मध्ये 'द येस अल्बम' आला आणि इंग्लंडमध्ये पहिल्या दहात गेला. लगेच टोनी के बाहेर. कारण काय? बँडला सिंथेसायझरसारखे नवे आवाज हवे होते आणि त्याला ऑर्गन सोडायचा नव्हता. त्याच्या जागी रिक वेकमन आला, चहूबाजूंनी कीबोर्ड मांडून वाजवणारा. त्याच वर्षीच्या 'फ्रॅजाइल'ने अमेरिकेचं दार उघडलं. 'राउंडअबाउट' यातलंच, अँडरसन आणि हाउ यांनी मिळून लिहिलेलं. अमेरिकेत ते तेराव्या क्रमांकापर्यंत गेलं.

पॅकिंगही बदललं बरं का. 'फ्रॅजाइल'पासून रॉजर डीन हा चित्रकार कव्हरं करायला लागला. तरंगणारे डोंगर, अनोळखी ग्रह. १९७२ च्या 'क्लोज टू द एज'वर त्याने अक्षरं एकमेकांत गुंफून बँडचा जो लोगो केला, तो आज पन्नास वर्षांनंतरही ओळखला जातो. त्या अल्बमची एक अख्खी बाजू म्हणजे एकच गाणं, अठरा मिनिटांहून जास्त. तरी लोकांनी डोक्यावर घेतलं.

म्हणजे चार वर्षांत दूध टाकणारा पोरगा मोठमोठ्या हॉलमध्ये गात होता. त्याची नजर आणि त्याचा आवाज, हाच त्या दुकानाचा मुख्य माल होता.

गिऱ्हाईक तयार नसताना नवा माल

इथे आपल्या देशाचा संबंध येतो. १९७३ च्या दौऱ्यात अँडरसन परमहंस योगानंदांचं 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी' वाचत होता. त्यातल्या एका तळटीपेत श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र यांची माहिती होती. त्या एका तळटीपेवरून त्याने चार भागांचा डबल अल्बम रचला. एका बाजूला एक गाणं, अशा चार बाजू! 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' नाव.

इंग्लंडमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. पण तो बाजारात येण्याआधीच तिथल्या दौऱ्यात बँडने अख्खा वाजवायला सुरुवात केली होती. लोकांनी एक नोटही ऐकलेली नाही आणि समोर ऐंशी मिनिटं नवा माल! वेकमनला तर ते संगीतच पटलं नव्हतं. तो स्वतःच सांगतो, की मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याने स्टेजवर कीबोर्डमागे बसून चक्क चिकन करी खाल्ली. १९७४ मध्ये तो बाहेर पडला.

आपण हसतो. पण काउंटरवर बसून मोबाइल बघणारा पार्टनर तुम्ही पाहिलाय ना? त्याने त्याच्यापुरती करीच मागवलेली असते. मन उठलंय हे तो तोंडाने सांगत नाही, वागण्यातून सांगतो. तेव्हाच बसून बोलायचं असतं.

मग प्रश्न आला नावाचा

पुढे वेकमन परत आला, पुन्हा हिट झाले. पण १९७९ मध्ये पॅरिसला रेकॉर्डिंग चालू असताना कोणाचंच कोणाशी जमेना. १९८० मध्ये अँडरसन आणि वेकमन दोघेही गेले. बँड मात्र थांबला नाही. 'बगल्स'वाले ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्स आले आणि 'येस' याच नावाने अल्बम आला. गायक नसतानाही पाटी तीच! पुढच्या वर्षी तो संच फुटला ते वेगळं.

१९८३ मध्ये स्क्वायर आणि ड्रमर ॲलन व्हाइट हे ट्रेव्हर रॅबिनबरोबर नवा बँड करत होते. स्क्वायरने अँडरसनला ती गाणी ऐकवली. अँडरसनचा आवाज त्यावर चढला आणि तो नवा बँड पुन्हा 'येस' झाला. 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' हे त्यांचं गाणं जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यांचं तिथलं एकमेव नंबर वन. नावातच 'ओनर' म्हणजे मालक, आणि खरा वाद पुढे मालकीवरूनच झाला.

१९८८ मध्ये अँडरसन पुन्हा बाहेर पडला. १९८९ मध्ये त्याने ब्रुफर्ड, वेकमन आणि हाउ या जुन्या साथीदारांना गोळा केलं. 'फ्रॅजाइल' आणि 'क्लोज टू द एज' करणाऱ्या पाचांपैकी चार जण. तरी त्यांना 'येस' हे नाव लावता आलं नाही. नावाचा हक्क स्क्वायरच्या बाजूला होता. शेवटी चौघांच्या आडनावांची लांबलचक पाटी लावावी लागली: 'अँडरसन ब्रुफर्ड वेकमन हाउ'. जाहिरातीत 'येस' शब्द वापरण्यावरूनही वकील मधे आले.

विचार करा, मंडळी. दुकानाला वीस वर्षं ज्याचा चेहरा, त्यालाच स्वतःच्या दुकानाची पाटी लावता येत नाही!

आजारी पडलात तर?

सगळ्यात जास्त लागतं ते २००८ चं. तोपर्यंत सगळे पुन्हा एकत्र आले होते. बँडची चाळीस वर्षं म्हणून मोठा दौरा ठरला आणि अँडरसनला श्वासाचा गंभीर त्रास झाला. डॉक्टरांनी सहा महिने विश्रांती सांगितली. दौरा रद्द झाला.

पण बाकीच्यांना थांबायचं नव्हतं. स्क्वायरला यूट्यूबवर कॅनडाचा बेनुआ दाविद सापडला. हा 'येस'चीच गाणी गाणाऱ्या एका बँडमध्ये गायचा. त्याला घेऊन त्याच वर्षी दौरा सुरू झाला. अँडरसन घरी बरा होत होता आणि त्याच्या जागेवर दुसरा माणूस त्याचीच गाणी गात होता. आपल्याला फारसं विचारलं-सांगितलं नाही, याचं दुःख त्याने उघडपणे बोलून दाखवलं.

आता स्क्वायरची बाजूही बघा. मला तो खलनायक वाटत नाही. २०१५ मध्ये तो गेला, तोपर्यंत 'येस'च्या नावावरच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बममध्ये वाजवलेला एकमेव माणूस तोच होता. लोक आले-गेले, दुकान त्याने उघडं ठेवलं. एक माणूस आजारी म्हणून बाकीच्यांनी किती दिवस शटर पाडून बसायचं? हाही खरा प्रश्न आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, तेव्हाच भांडण सगळ्यात वाईट होतं.

आणि नशीब बघा, चार वर्षांत बेनुआ दाविदचाही श्वासाच्या आजारामुळे आवाज गेला आणि त्याच्या जागी २०१२ मध्ये जॉन डेव्हिसन आला.

माझी गोष्ट

मी आणि माझा कॉलेजचा मित्र, दोघांनी मिळून गिफ्ट आणि स्टेशनरीचं दुकान टाकलं. पैसे निम्मे-निम्मे. दुकानाचं नाव मी सुचवलं होतं. गुमास्ता त्याच्या नावावर, कारण त्या दिवशी मी माल आणायला गेलो होतो. गूगलवरची नोंद आणि इन्स्टाग्राम त्याच्या ईमेलवर, कारण त्याचा फोन चांगला होता. काउंटरवर मात्र दिवसभर मी. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघून यायचं.

तीन वर्षांनी वेगळे झालो. माल मोजून वाटला, उधारी वाटली, फर्निचरही वाटलं. मग विचारलं, "नाव?" तो म्हणाला, "ते तर माझ्याच नावावर आहे." त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. कागद तसे होते आणि कागद करताना मी तिथे नव्हतो. मी दोन गल्ल्या सोडून नव्या नावाने बसलो. पहिली सहा महिने जुनी गिऱ्हाइकं जुन्याच पाटीखाली जायची आणि "ते दादा कुठे गेले?" विचारायची. घरी आई काही बोलायची नाही, नुसती चहा ठेवायची. ते दिवस मी विसरलेलो नाही.

तुम्ही काय कराल?

१. पार्टनरशिप डीड करा आणि फर्मची नोंदणी करा. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळं काही ठरलेलं नसेल तर धंद्याची पत, म्हणजे गुडविल, फर्मची मालमत्ता असते. पण फर्म कागदावरच नसेल तर भांडणार कशावर?

२. डीडमध्ये नावासाठी वेगळं कलम टाका. वेगळे झालो तर नाव कोण ठेवणार आणि दुसऱ्याला त्याचे किती पैसे देणार, हे आधीच लिहा.

३. आजारपणाचं कलम टाका. एक पार्टनर सहा महिने आला नाही तर त्याचा वाटा किती, त्याच्या जागी कोण, ठरवणार कोण.

४. नावाचा ट्रेडमार्क फर्मच्या नावाने घ्या. छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. नोंदणी दहा वर्षं चालते, पुढे नूतनीकरण होतं. गुमास्ता किंवा जीएसटी नंबर म्हणजे नावाची मालकी नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा.

५. गूगल, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप बिझनेस आणि यूपीआयचा क्यूआर, हे सगळं दुकानाच्या ईमेल आणि नंबरवर ठेवा. पासवर्ड दोघांकडे.

मसुदा मात्र तुमच्या सीएकडून किंवा वकिलाकडूनच करून घ्या. माझा ब्लॉग वाचून स्टॅम्प पेपरवर स्वतः लिहू नका!

पार्टनरला विचारायला संकोच वाटतो, माहिती आहे. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं तो म्हणेल. त्याला सांगा, विश्वास आहे म्हणूनच आज लिहितोय. विश्वास संपल्यावर लिहायला वकील लागतो.

अँडरसनचं पुढे काय झालं? २०१७ मध्ये 'येस'ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा मान मिळाला, तेव्हा तो स्टेजवर होता. २०२४ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्याने 'बँड गीक्स' या तरुण वादकांबरोबर 'ट्रू' नावाचा नवा अल्बम काढला. आवाज त्याचा होता, तो कोणी काढून घेऊ शकलं नाही. माझंही गिऱ्हाईक हळूहळू परत आलंच. पण मधली वर्षं फुकट गेली, ती तुमची जाऊ नयेत.

तर या आठवड्याचं काम एकच. दुकान बंद झाल्यावर पार्टनरबरोबर अर्धा तास बसा आणि एका कागदावर लिहा: नाव कोणाचं? पुढच्या व्हिडिओत डीडमधली कलमं एकेक करून बघू. भेटू!