‘थोडेसे येते’ म्हणजे किती?



मागच्या हिवाळ्यात सांता क्लारात, एल कामिनो रस्त्यापासून जवळच, एका बेने इस्राएल घरी मलिदा होता. पोहे, गूळ, खोबरे आणि फळे ताटात मांडून झाली. आमच्याकडे हज्जान नाही. चार घरे एकत्र जमतात आणि ज्याला जमेल तो तेफिल्ला म्हणतो. एलियाहू हन्नाबीचे गीत सुरू करायची वेळ आली तेव्हा सगळे एकमेकांची तोंडे पाहू लागले. ठाण्याच्या एक बाई होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना विनंती केली तर म्हणाल्या, “मला कुठं येतं गाणं? लहानपणी कानावर पडलं तेवढंच.” अखेर कोणीतरी फोनवर रेकॉर्ड लावले. त्याची चाल निराळी होती. आम्ही नुसते ओठ हलवीत बसलो.

जेवणे झाल्यावर स्वयंपाकघरात भांडी पुसताना त्याच बाई ते गीत पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत गुणगुणत होत्या, त्यांच्या आजोळच्या चालीत, कुठेही न अडखळता. घरची सून दारातच थबकली. “मावशी, हे मघाशी का नाही म्हटलंत?” तर उत्तर आले, “अगं, हे काय गाणं आहे? हे आपलं घरचं.”

त्याच आठवड्यात आमच्या नातीने संगीत वर्गाचा फॉर्म भरला. त्यात तीन चौकोन होते: बिगिनर, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स्ड. दोन वर्षे कीबोर्ड शिकलेल्या आमच्या नातीने बेधडक मधल्या चौकोनात खूण केली. तिचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. पण साठसत्तर वर्षे एक चाल सांभाळणारी बाई ‘काही येत नाही’ म्हणते आणि दोन वर्षांची विद्यार्थिनी ‘मध्यम’ म्हणते, तेव्हा हे माप कुठून येते हे पाहावेसे वाटले.

आपल्या लहानपणी माप म्हणजे परीक्षा. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९३१ साली, शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या परीक्षांची नावे अनेकांना पाठ असतील: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. लग्नाच्या स्थळात ‘मुलगी मध्यमा झाली आहे’ असे लिहिले की घरात पेटी आहे हे कळायचे. व्हायोलिन-पियानो शिकणाऱ्यांसाठी मुंबईत ट्रिनिटी कॉलेजच्या आठ श्रेणी होत्या. इथे कॅलिफोर्नियात संगीत शिक्षकांच्या संघटनेची ‘सर्टिफिकेट ऑफ मेरिट’ नावाची परीक्षा १९३३ पासून चालते. तिच्याही पायऱ्या आहेत, प्रिपरेटरीपासून दहावीपर्यंत.

परीक्षा वाईट नव्हे. आम्ही जन्मभर परीक्षाच घेतल्या. पण शिक्षकाला एक गोष्ट ठाऊक असते: परीक्षा नेमलेल्या अभ्यासक्रमातले तपासते. मध्यमेच्या परीक्षकाने यमन विचारला, भूप विचारला. सेलिहोतची चाल कोणी विचारली नाही. म्हणून जिच्याजवळ ती आहे तिला आपल्याजवळ काही आहे असे वाटतच नाही.

स्वतःला कमी लेखण्याची दुसरीही एक गंमत आहे. १९९९ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या डनिंग आणि क्रूगर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना तर्काचे आणि व्याकरणाचे प्रश्न घातले आणि मग विचारले, बाकीच्यांच्या तुलनेत तुमचा क्रमांक कितवा असेल? जे अगदी तळाशी होते ते सरासरीने शंभरात खालून बाराव्या जागी होते. त्यांना वाटत होते आपण बासष्टाव्या जागी आहोत! उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण जे खरोखर वरच्या रांगेत होते त्यांनी आपला क्रमांक खराच होता त्याहून खाली सांगितला. कारण जे आपल्याला सहज जमते ते सर्वांनाच जमत असेल असे त्यांना वाटले. हा प्रयोग संगीताचा नव्हता, पण स्वयंपाकघरातल्या त्या बाई आम्हाला लगेच आठवल्या.

मग हौशी माणसाने स्वतःचे वर्णन करावे तरी कसे? (हौशी हा शब्द आम्ही मानाने वापरतो. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएल कीर्तने सुरू झाली आणि पवित्र शास्त्रातल्या कथा साक्या-दिंड्यांतून सांगितल्या जाऊ लागल्या, ती हौसच होती. दिल्लीच्या ज्यू समाजाचे एझ्रा कोलेट सरकारी अधिकारी होते. दिल्ली सिंफनी सोसायटी उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने.) याचे एक उत्तर याच अमेरिकेत सापडले. इंडियानापोलिसचे लिओनार्ड स्ट्रॉस नावाचे व्यापारी कामानिमित्त गावोगाव फिरत. संध्याकाळी हॉटेलात एकटे बसावे लागे, आणि शेजारच्या गल्लीत कोणी व्हायोलिनवाला असला तरी कळायचे कसे? म्हणून १९४७ साली त्यांनी आणि न्यूयॉर्कच्या हेलन राइस यांनी हौशी वादकांची एक संघटना काढली. तिच्या नावपत्त्यांच्या पुस्तकात प्रत्येकाने स्वतःच स्वतःला श्रेणी द्यायची. ए म्हणजे उत्तम, बी म्हणजे चांगला, सी म्हणजे बरा, आणि डी म्हणजे काय म्हणाल? ‘इत्यादी’! नापास कोणीच नाही. ही श्रेणी बक्षिसासाठी नव्हतीच. अनोळखी चौघे एका खोलीत बसले तर त्यांचे जमावे एवढ्यासाठी होती. फुगवून सांगितले तर संध्याकाळ फुकट जाते, आणि फारच कमी सांगितले तर कोणी बोलावतच नाही.

हे वाचल्यावर आमच्या लक्षात आले की ‘थोडेसे येते’ हे नम्रतेचे वाक्य खरे, पण ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा दुसरे प्रश्न विचारावेत. सूर सुटला तर तुमचे तुम्हाला कळते का? हे कळणे म्हणजे अर्धे गाणे. तानसेन नाही तर निदान कानसेन असे आपण म्हणतो, ते काही उगीच नाही. टाळ्या चुकत असताना तुम्ही आपली लय धरून पुढे जाऊ शकता का, की थांबून पुन्हा पहिल्यापासून लागते? एकट्याने म्हणताना पुढची ओळ आठवते, की शेजारच्याच्या तोंडाकडे बघावे लागते? घरात दहा वेळा बिनचूक म्हणणारा चारचौघांत पाचव्या ओळीला अडतो, आणि ही काही लाजण्यासारखी गोष्ट नाही. तो सोबतीने गाणारा आहे, एवढेच. तसे सांगावे. आणि मुख्य म्हणजे, नक्की काय काय येते त्याची नावे घ्यावीत. “मला गाता येत नाही, पण मलिद्याची तीन गीते पूर्ण येतात, शब्बाथची दोन धरून देता येतात, किप्पूरचे एक आजीच्या चालीत येते, त्याचे शेवटचे कडवे नाही.” याला म्हणतात खरे वर्णन. यात बढाई नाही आणि खोटा विनयही नाही.

आपल्या बायकांच्या गाण्याच्या वह्यांत शब्द आहेत, तारीख आहे, कधी कधी तेलाचा डागही आहे. चाल मात्र वहीत उतरत नाही. ती गळ्यात असते, आणि ज्यांच्या गळ्यात आहे त्यांची वये आता काय आहेत हे आपण सर्वच जाणतो.

दिव्रे हय्यामीमच्या पहिल्या भागात लेवी गायक-वादकांची मोजदाद आहे. दावीद राजाच्या वेळी वाद्यांसह स्तुती करणारे ४०००, आणि त्यांत गायनात तरबेज असे २८८. त्यांच्या बाराबाराच्या २४ तुकड्या केल्या. पण पाळी ठरवताना लहान-मोठा पाहिला नाही. जाणता, म्हणजे मेवीन, आणि शिकणारा, म्हणजे तलमीद, सर्वांच्या चिठ्ठ्या एकत्रच टाकल्या. पूर्वी हे प्रकरण आम्ही नावांची यादी म्हणून भरभर वाचून टाकीत असू.

पेसाहनंतर त्याच घरी पुन्हा मलिदा झाला. या वेळी आम्ही आमची जुनी पेटी घेऊन गेलो. भाता कुठे कुठे गळतो, पण सूर ठीक आहेत. बाईंना “गाता का?” असे विचारलेच नाही. एकेक सूर देत गेलो आणि म्हटले, “तुमच्या आजोळी कुठून धरायचे?” त्या आधी हसल्या, मग मान हलवू लागल्या. “नाही, खाली. अजून थोडं वर. हां, तिथंच.”

पांढरी चार. नातीने कडव्यांच्या वर तसे लिहून ठेवले आहे.