वैमानिकाचा ऑक्सिजन मुखवटा व श्वसनसुलभता

वैमानिकाचा ऑक्सिजन मुखवटा हे अधिक उंचीवर उड्डाण करणाऱ्या वैमानिकाच्या नाकातोंडावर घट्ट बसवले जाणारे श्वसनसाधन आहे. त्यातून पुरेसा ऑक्सिजन मिळणे ही त्याची पहिली कसोटी होय. तो ऑक्सिजन किती कमी श्रमात आत घेता येतो आणि उच्छ्वास किती विनासायास बाहेर टाकता येतो, म्हणजेच श्वसनसुलभता, ही दुसरी कसोटी. ही बाब दीर्घकाळ केवळ सोयीची समजली गेली. तिचा थेट संबंध सुरक्षिततेशी आहे हे अलीकडच्या काही घटनांमुळे अधिक स्पष्ट झाले.

गरज

हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण उंचीवरही सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो दाब. सुमारे ५,५०० मीटर (१८,००० फूट) उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो आणि रक्तात पुरेसा ऑक्सिजन मिसळत नाही. सुमारे १२,००० मीटरपर्यंत शुद्ध ऑक्सिजन देऊन ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढता येते. त्याहून वर मात्र ऑक्सिजन दाबाने फुप्फुसांत सोडावा लागतो. अशा वेळी श्वसनाची नेहमीची रीत उलटते: श्वास आपोआप आत शिरतो आणि उच्छ्वासासाठी जोर लावावा लागतो. बोलणेही कष्टाचे होते. ही रीत अंगवळणी पडण्यासाठी वैमानिकांना जमिनीवरच सराव दिला जातो.

रचना

१९३८ च्या सुमारास अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये बूथबी, लव्हलेस व बुलबुलियन यांनी तयार केलेला 'बीएलबी' मुखवटा हा सुरुवातीच्या यशस्वी मुखवट्यांपैकी एक होता. त्यात ऑक्सिजनचा प्रवाह अखंड चालू राहत असे. पुढे मागणीनुसार पुरवठा करणारे नियंत्रक आले. यांत वैमानिकाने श्वास ओढताच झडप उघडते आणि ओढ थांबताच मिटते.

आधुनिक लढाऊ विमानांतील मुखवट्यात श्वासाची व उच्छ्वासाची अशा दोन स्वतंत्र झडपा असतात. मुखवट्याची कड कोठे सैल राहिली तरी बाहेरची हवा आत शिरू नये, म्हणून अनेक प्रणालींत आतील दाब किंचित जास्त ठेवतात. याला सुरक्षा-दाब म्हणतात. पुरवठ्याचा ऑक्सिजन उच्छ्वासाच्या झडपेतून निसटू नये यासाठी ती झडप पुरवठ्याच्याच दाबाने मिटलेली ठेवली जाते. त्यामुळे नळीतील दाब अवेळी वाढला की उच्छ्वासाची वाट अडते.

श्वास जड होण्याची कारणे

विश्रांत अवस्थेतील माणसाला मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा लागते. परंतु ही झाली सरासरी. श्वास घेतानाच्या ऐन क्षणी हवेचा वेग सरासरीच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक असतो. तीव्र वळणांत मेंदूतील रक्त पायांकडे ओढले जाऊ नये म्हणून वैमानिक स्नायू आवळून सुमारे ३ सेकंद श्वास रोखतो आणि मग क्षणार्धात हवेची अदलाबदल करतो. सरासरीचा हिशेब पुरा करणारी यंत्रणा नेमक्या याच क्षणी तोकडी पडू शकते.

मुखवट्याचा भारही विचारात घ्यावा लागतो. ९ जी इतक्या प्रवेगात ४०० ग्रॅमच्या वस्तूचा भार ३.६ किलोग्रॅमइतका जाणवतो. मुखवटा नाकावरून खाली घसरतो आणि कडेने गळती सुरू होते. पट्टे फार आवळावेत तर नाकाच्या हाडावर वळ उठतात. चेहऱ्याच्या मापाचा मुखवटा मिळणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

अडलेल्या श्वासाला शरीर अनेकदा जलद श्वसनाने उत्तर देते. त्यातून रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरते. ही लक्षणे ऑक्सिजनच्या कमतरतेशी इतकी मिळतीजुळती आहेत की नेमके काय बिघडले आहे हे खुद्द वैमानिकालाही ओळखता येत नाही.

एफ-२२ प्रकरण

हा गोंधळ अमेरिकेच्या एफ-२२ विमानांबाबत ठळकपणे दिसला. वैमानिकांना वारंवार त्रास होऊ लागल्याने मे ते सप्टेंबर २०११ या काळात या विमानांची उड्डाणे थांबवण्यात आली. संशय प्रथम दूषित हवेवर गेला आणि ती तपासण्यासाठी श्वसनमार्गात कोळशाची गाळणी बसवण्यात आली. विषारी द्रव्याचा पुरावा हाती लागला नाही. उलट गाळणीमुळे श्वासाला आणखी अडथळा झाला. २०१२ मध्ये मुख्य दोष वैमानिकाच्या छातीवरील दाब-जाकिटाच्या झडपेत असल्याचे सांगण्यात आले. गरज नसतानाही जाकीट फुगे आणि छातीचे प्रसरण रोखे. गाळणी काढली गेली व झडप बदलण्यात आली.

२०१७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या टी-४५ प्रशिक्षण विमानांवरील अनेक प्रशिक्षकांनी अशाच तक्रारींवरून उड्डाणास नकार दिला. नासाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रत्यक्ष उड्डाणातील श्वसन मोजण्यात आले. पुरवठा आणि वैमानिकाचा श्वास यांचा मेळ चुकणे हा त्यातील कळीचा निष्कर्ष होता. तोवर यंत्राची तपासणी होत असे, श्वास घेणाऱ्याची क्वचितच.

भारतातील कार्य

बंगळूर येथील वायुसेनेच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत वैमानिकांना कमी दाबाच्या कक्षात ऑक्सिजनच्या कमतरतेची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण मिळते. त्याच शहरातील डीआरडीओच्या 'डेबेल' प्रयोगशाळेने तेजस विमानासाठी इंजिनातील हवेतून नायट्रोजन वेगळा करून विमानातच ऑक्सिजन तयार करणारी जीवरक्षक प्रणाली विकसित केली. ४ मार्च २०२५ रोजी तिची ५०,००० फुटांपर्यंत यशस्वी चाचणी झाली. तीव्र वळणांतील पुरवठाही त्या वेळी तपासण्यात आला.